बांगलादेशातली गरिबी खरंच एवढी घटली का, आणि घटली असेल तर टिकणार का?

चौकस_चंदू

नमस्कार मंडळी. मला डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सच्या पेपरसाठी एका देशावर लिहायचंय. मी बांगलादेश घेतला कारण आकडे बघून चक्रावलो. त्यांच्या सरकारी सर्व्हेप्रमाणे २००० साली ४८.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २०१० ला ३१.५, २०१६ ला २४.३ आणि २०२२ ला १८.७. म्हणजे जवळजवळ अर्धा देश गरीब होता तिथे २०२२ ला पाचवा हिस्सा पण नाही. तेल नाही, खाणी नाहीत, जमीन इवलीशी, माणसं १७ कोटी, वर चक्रीवादळ आणि पूर ठरलेलेच. १९७१ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हा देश कायम दुसऱ्यांच्या मदतीवरच जगणार असं मोठमोठे लोक धरून चालले होते, त्यात १९७४ चा दुष्काळ.

आता गोंधळ असा की जे वाचतो त्यात अर्धे म्हणतात कपड्यांच्या कारखान्यांमुळे झालं आणि अर्धे म्हणतात मायक्रोक्रेडिटमुळे, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांमुळे. नक्की कशामुळे? आणि दुसरं, शाश्वत विकास हा शब्द आमच्या सरांना प्रत्येक पानावर लागतो, पण एखाद्या देशाचा विकास शाश्वत आहे की नाही हे बघायचं कसं, म्हणजे कुठे बोट ठेवायचं? पुस्तकी व्याख्या नको, ती पाठ आहे.

धागादोरा

चंदू, मी परदेशी ब्रँडसाठी कपडे शिवून घेणाऱ्या एका बायिंग हाऊससाठी मर्चंडायझर म्हणून सात वर्षं ढाक्यात होतो, गाझीपूर आणि आशुलिया या कारखान्यांच्या पट्ट्यात चकरा मारून मारून बूट झिजलेत, त्यामुळे कपड्यांचं मी सांगतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

सुरुवात जरा मजेशीर आहे. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कोणत्या देशातून किती कपडे घ्यायचे याचा कोटा ठरवला होता. कोरियाचा कोटा भरत आला तेव्हा तिथल्या देवू कंपनीने जिचा कोटा रिकामा आहे अशी जागा शोधली आणि १९७०च्या दशकाच्या शेवटी देश गारमेंट्स नावाच्या बांगलादेशी कंपनीबरोबर करार केला. सुमारे १३० लोकांना बुसानला नेऊन सहा महिने शिकवलं, कटिंग, शिलाई, क्वालिटी, माल कसा पाठवायचा, सगळं. परत आल्यावर त्यातले बहुतेक जण काही वर्षांत ती कंपनी सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचे नाहीतर दुसऱ्याचे कारखाने उभे केले. देश गारमेंट्सच्या मालकाला किती मनस्ताप झाला असेल ते सोडा, पण देशाला तेच फळलं. शिकलेली माणसं फुटली म्हणून धंदा पसरला.

सरकारने दोन गोष्टी बरोबर केल्या. कापड बाहेरून आणून त्याचे कपडे शिवून परत बाहेर पाठवणार असाल तर कापडावर ड्युटी नाही, आणि खरेदीदाराच्या एलसीच्या (पैसे मिळतील अशा बँकेच्या हमीपत्राच्या) जोरावरच कापडासाठी दुसरी एलसी उघडून मिळायची, त्याला बॅक टू बॅक एलसी म्हणतात. म्हणजे ज्याच्याकडे भांडवल नाही पण ऑर्डर आहे तो पण उभा राहू शकायचा. बाकी पुस्तकात जे मोठमोठं धोरण बिरण लिहितात त्यापेक्षा या दोन कागदांनी जास्त काम केलं असं माझं मत.

आज साधारण ४० लाख लोक या धंद्यात आहेत, निम्म्याहून जास्त बायका, आणि देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त भाग कपड्यांचा. हे जेवढं कौतुकाचं तेवढंच भीतीचं. एका खांबावर आख्खं घर उभंय.

आणि ही दुसरी बाजू पण पेपरात लिही. २४ एप्रिल २०१३ ला सावारची राणा प्लाझा बिल्डिंग कोसळली, अकराशेच्या वर लोक गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची दुकानं आणि बँक बंद ठेवली आणि वरच्या कारखान्यातल्या बायकांना मात्र कामावर बोलावलं. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले, त्यात जनरेटर. त्यानंतर कुठे परदेशी ब्रँडना बांधून घेणारा करार झाला, इंजिनियर पाठवून कारखाने एकेक करून तपासले गेले. मी त्याच्या आधी पण तिथे होतो आणि नंतर पण, फरक डोळ्यांना दिसायचा, जिन्यात माल रचलेला नसायचा, आगीच्या दाराला कुलूप नसायचं. पण किती माणसं मेल्यावर, हे बघ. पगाराचं म्हणशील तर २०२३ च्या शेवटी किमान पगार १२,५०० टका ठरला, संघटना २३,००० मागत होत्या.

पण गरिबी फक्त गारमेंटने गेली असं मी म्हणणार नाही. खेड्यातल्या ज्या पोरी आमच्याकडे कामाला यायच्या त्यांना सही करता यायची, लेबलवरचे नंबर वाचता यायचे, घरी दोनतीनच भावंडं असायची. ते कारखान्याने नाही केलं, ते आधीच कोणीतरी करून ठेवलेलं.

खडूस_काका

आकड्यांवर एवढं भाळू नकोस रे बाळा. दारिद्र्यरेषा म्हणजे एक रेघ, तिच्या वर दोन बोटं असलेला माणूस गरीब नाही असं कागद म्हणतो. तिथे आजारपणाच्या एकूण खर्चातले ७० टक्क्यांच्या आसपास पैसे लोकांच्या खिशातून जातात, म्हणजे घरात एक ऑपरेशन निघालं की गेला परत रेघेखाली. सरकार कर गोळा करतं जीडीपीच्या साधारण ८ टक्के, जगात अगदी तळाला असलेल्यांपैकी, मग दवाखाने चालवणार कशातून? २०२४ च्या जुलैमध्ये खाण्यापिण्याची महागाई १४ टक्क्यांवर गेली होती, त्याच महिन्यात सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्यावरून पोरं रस्त्यावर आली आणि ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या. जीडीपी छान वाढत होता बरं का सगळा वेळ. शिकलेल्या पोराला काम नाही हा आकडा तुझ्या त्या चार आकड्यांत कुठेय?

आणि मायक्रोक्रेडिट. ग्रामीण बँक १९८३ ची, त्याआधी १९७६ पासून चितगावजवळच्या जोब्रा गावात प्रयोग, २००६ ला नोबेल, सगळं मान्य. पण नंतर वेगवेगळ्या देशांत नीट तुलना करून जे अभ्यास झाले त्यात निघालं काय, तर छोटं कर्ज मिळाल्याने लोकांना थोडी सोय होते, हातात पैसा खेळता राहतो, पण सरासरी घर काही गरिबीतून वर येत नाही. कर्ज म्हणजे कर्ज, ते फेडायचं असतं, ज्याची म्हैस मेली त्याला पण. अर्धे मायक्रोक्रेडिट म्हणतात ते अर्धे चुकीचे, एवढं लिहून टाक.

मीठगूळ

काका नेहमीप्रमाणे कडू पण खोटं नाही. मी सार्वजनिक आरोग्यात काम करते, धागादोरा दादांनी जे म्हटलं ना की आधीच कोणीतरी करून ठेवलेलं, तिथून पुढे सांगते.

जुलाबाने पोरं मरायची, हजारोंनी. मीठ आणि साखर ठराविक प्रमाणात पाण्यात घालून पाजलं तर सलाईनशिवाय माणूस वाचतो हे १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्रातच रुग्णांवर सिद्ध झालं. पण शोध लागणं वेगळं आणि खेड्यातल्या आईला रात्री दोन वाजता ते जमणं वेगळं. पाकिटं कारखान्यात बनवून सगळीकडे पोचवायला पैसा नव्हता. मग ब्रॅक संस्थेने १९८० पासून दहा वर्षं बायका घरोघरी पाठवल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. घरातल्या बाईने तिथेच बनवून दाखवायचं. सुमारे १ कोटी २० लाख घरं झाली अशी.

आता यातली गंमत ऐक, मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. शिकवणाऱ्या बाईला पगार किती घरं केली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरा माणूस त्यातल्या काही घरी जाऊन विचारायचा, तुम्हाला काय काय आठवतं, बनवून दाखवा. आईला जेवढं आठवेल आणि जमेल तेवढे शिकवणारीला पैसे. सुरुवातीला शिकवून पण आया ते वापरतच नाहीत असं या तपासणीतच कळलं, मग कळलं की घरातल्या पुरुषांना कोणी विचारलंच नाही आणि काही ठिकाणी तर शिकवणाऱ्या बायकांचाच स्वतःचा विश्वास नव्हता त्या पाण्यावर. मग हाटात, मशिदीत पुरुषांशी बोलायला सुरुवात केली, शिकवण्याची पद्धत बदलली. तपासणारा नसता तर कागदावर १ कोटी घरं झाली असती आणि पोरं मरतच राहिली असती.

कुटुंबनियोजनाचं पण तसंच. पडदा होता, बाई दवाखान्यात जाणार नाही, मग दवाखान्याची बाई घरी. गोळ्या, इंजेक्शनं घेऊन गावातलीच शिकलेली बाई दारात. मतलब नावाच्या भागात १९७७ पासून अर्ध्या गावांत अशा नियमित भेटी दिल्या आणि अर्ध्यांत नेहमीचीच सरकारी सोय ठेवली, फरक स्वच्छ दिसला. देशभर बाईमागे सहाच्या वर मुलं होती ती सव्वादोनच्या आसपास आली. १९९४ पासून खेड्यातल्या मुलींना हायस्कूलसाठी स्टायपेंड, अट काय तर ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के आणि लग्न करायचं नाही. त्या मुली मोठ्या होऊन दादांच्या कारखान्यात लेबलं वाचतायत. बालविवाह मात्र अजून खूप आहेत तिथे, ते लपवायचं कारण नाही.

तर चंदू, कुठे बोट ठेवायचं विचारलंस ना, मी विचारीन की योजना बंद पडल्यावर लोकांच्या हातात काय उरलं. ब्रॅकच्या त्या बायका १९९० ला घरोघरी जायच्या थांबल्या. आजही बांगलादेशात जुलाब झालेल्या पोराला ओआरएस, म्हणजे तेच मीठ-साखरेचं पाणी, पाजण्याचं प्रमाण जगात खूप वरचं आहे, कारण आईने मुलीला सांगितलं.

पाणीवाली

मीठगूळ ताई, तुमच्या तपासणाऱ्या माणसाच्या मुद्द्याला माझ्याकडे उलटं उदाहरण आहे आणि ते त्याच देशातलं, त्याच काळातलं, त्याच पोरांना जुलाबापासून वाचवायला केलेलं.

तळ्याचं पाणी पिऊन लोक आजारी पडतात म्हणून १९७० च्या दशकात सरकार आणि युनिसेफने हापसे बसवायला सुरुवात केली. लोकांना आवडले, दारात पाणी, बाईचे हेलपाटे वाचले, मग लोकांनी स्वतःच्या पैशाने लाखो बसवले. आदर्श योजना. फक्त पाण्यात आर्सेनिक आहे का हे कोणी बघितलं नाही, त्या काळी पाण्याच्या तपासणीत ते बघायची पद्धतच नव्हती. १९९३ मध्ये चापाई नवाबगंज भागात सापडलं. हे विष कारखान्याचं नाही, हिमालयातून आलेल्या गाळात ते मुळातच आहे आणि कमी खोलीच्या पाण्यात उतरतं, वास नाही चव नाही. दहापंधरा वर्षं प्यायल्यावर तळहातावर गाठी, कातडीवर डाग, नंतर कॅन्सर. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात अंदाज आला की साडेबारा कोटींतल्या साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका आहे.

मग सुमारे ५० लाख हापसे तपासले. चांगल्याला हिरवा रंग, वाईटाला लाल. जवळजवळ १४ लाख लाल निघाले. आणि ही तपासणी पण लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या बांगलादेशी मर्यादेवर, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे.

म्हणून मला शाश्वत हा शब्द झाडं लावण्यापुरता वापरलेला बघितला की राग येतो. गरिबी कमी करताना जे काढतोय ते परत भरतंय का आणि पंचवीस वर्षांनी बिल कोणाच्या नावाने येणार, हे बघायचं असतं. भाताचंच घे. लोकसंख्या सात कोटींची १७ कोटी झाली तरी भात तिपटीहून जास्त झाला कारण हिवाळ्यात बोरो भात घ्यायला लागले, पंपाने पाणी उपसून. पोटं भरली. पण वायव्येच्या बरिंद भागात पाण्याची पातळी खाली खाली चाललीय. दक्षिणेला खुलना, सातखीरा, बागेरहाटकडे कोळंबीसाठी शेतात मुद्दाम खारं पाणी घेतलं, डॉलर आले, पण भाताच्या शेतात दहा मजूर लागायचे तिथे कोळंबीला एकदोन पुरतात, जमीन खारवली, गोड्या पाण्यासाठी बायका मैलोन्मैल जातात. निर्यातीचा आकडा वाढला आणि त्याच गावातून माणसं ढाक्याच्या झोपडपट्टीत गेली.

चांगलं पण सांगते नाहीतर काका म्हणतील मी पण कडू. १९७० च्या भोला वादळात तीन लाखांच्या वर माणसं गेली, १९९१ ला सुमारे १ लाख ३८ हजार, २००७ च्या सिद्रमध्ये ३,४०० च्या आसपास. वादळ लहान झालं नाही. निवारे बांधले, सायकलवर भोंगा घेऊन फिरणारे स्वयंसेवक ७५ हजारांच्या पुढे तयार केले, त्यातल्या निम्म्या आता बायका. त्यालाही कारण आहे, आधी बायका घर सोडून परक्या पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्यात जायला तयार नसायच्या आणि घरातच बुडायच्या.

अर्धवट_पीएचडी

उशिरा आलो. काकांनी मायक्रोक्रेडिट झोडलं ते बरोबर पण अर्धीच गोष्ट झाली. ब्रॅकच्या लोकांच्या लक्षात आलं की सगळ्यात गरीब बाई कर्जाच्या गटात येतच नाही, बाकीच्या तिला घेत नाहीत आणि तिची पण हिंमत होत नाही. म्हणून २००२ पासून वेगळा कार्यक्रम. कर्ज नाही, थेट गाय नाहीतर शेळ्या, गाय दूध देईपर्यंत थोडे पैसे, आणि दोन वर्षं दर आठवड्याला घरी येणारी बाई, जनावराला काय झालं, पोरगा शाळेत गेला का. नंतर हेच भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, होंडुरास, पेरू मध्ये करून तपासलं, २०१५ ला निकाल आले, होंडुरास सोडून बाकी ठिकाणी बऱ्यापैकी टिकलं. त्यात पुढचा अभ्यास तर अजून भारी. गाय मिळाल्यावर ज्या बायकांची एकूण मालमत्ता एका ठराविक पातळीच्या वर गेली त्या पुढे चढतच गेल्या आणि ज्या थोड्यासाठी खाली राहिल्या त्या परत घसरल्या. म्हणजे सगळ्यांना थोडंथोडं वाटलं की वाटल्याचं समाधान, पण गरिबी तिथेच. चंदू, हे तुझ्या सरांना आवडेल.

एक फसलेलं पण टाक. रंगपूरकडे पेरणी झाली की कापणीपर्यंत काम नसायचं, सप्टेंबर ते नोव्हेंबर उपासमार, तिला मोंगा म्हणतात. २००८ मध्ये प्रयोग केला, बसच्या भाड्याएवढे सुमारे ६०० टका द्यायचे, जा शहरात काम शोध. लोक गेले, घरचे जास्त जेवले, पुढच्या वर्षी पैसे न देता पण गेले. सगळीकडे टाळ्या. मग मोठ्या प्रमाणावर केलं तर काहीच परिणाम दिसेना, आणि चालवणाऱ्या संस्थेने २०१९ ला स्वतःच जाहीर करून बंद केलं. अशी हिंमत किती जणांत असते? मोंगा मधल्या काळात बराच कमी झालाच होता, लवकर तयार होणारा भात आला, १९९८ ला यमुनेवर (ब्रह्मपुत्रेला तिथे यमुना म्हणतात) पूल झाला आणि उत्तरेचा माणूस ढाक्याला सरळ बसने जायला लागला.

खडूस_काका

आता हे मात्र मी पहिल्यांदा ऐकतोय. स्वतःची योजना स्वतःच बंद. वा.

चौकस_चंदू

बापरे, एवढं सगळं, खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका. धागादोरा दादा, २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख सगळीकडे दिसते, संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीतून बांगलादेशाने बाहेर पडायची, ती चांगली की वाईट? आणि पाणीवाली ताई, ते लाल हापसे आता बंद आहेत ना?

धागादोरा

नाव मोठं होतं पण सवलत जाते. यादीत असल्यामुळे युरोपात कपडे बिनाड्युटी जातात, बाहेर पडल्यावर युरोप अजून तीन वर्षं देणार, मग ड्युटी लागू शकते. आमच्या धंद्यात पीसमागे पाचदहा सेंटवरून ऑर्डर व्हिएतनामला जाते, त्यामुळे कारखानदार तारीख पुढे ढकला म्हणून मागे लागलेत. पण पन्नास वर्षं यादीत राहून अजून काही वर्षं मागणाऱ्याला त्या वर्षांत काय करणार हे कोणी विचारत नाही. बूट, औषधं, सायकली, हे पण बनतं तिथे, चांगलं बनतं, पण बॅक टू बॅक एलसी आणि ड्युटी माफी जितक्या सहज कपडेवाल्यांना मिळते तितकी त्यांना मिळत नाही. जे १९८० च्या दशकात एका धंद्यासाठी केलं तेच बाकीच्यांसाठी करायचंय, एवढं सोपं आणि एवढं अवघड, कारण संसदेत कपडेवालेही बरेच बसायचे.

पाणीवाली

नाही रे. रंग दोनचार वर्षांत उडाला. पुन्हा तपासणीच्या मोहिमा झाल्या, पण दोन मोहिमांच्या मध्ये लोकांनी लाखो नवीन हापसे बसवले, गावातला मिस्त्री एका दिवसात पाईप उतरवून देतो. सरकारने खोल बोअर पाडून दिले, खोलवर बहुतेक ठिकाणी आर्सेनिक नसतं, पण ते कोणाच्या अंगणात पाडायचे हे गावातला वजनदार माणूस ठरवतो आणि मग बाकीच्या बायका त्याच्या अंगणात जायला कचरतात. ज्या गावांत नीट सांगितलं तिथे लोकांनी शेजारच्या हिरव्या हापशावर जाणं सुरू केलं, सगळ्यात स्वस्त उपाय तोच निघाला. बाकी ठिकाणी हापसा कोणत्या रंगाचा होता हे घरातल्या म्हातारीला विचारावं लागतं.